मागच्या दाराचे श्रावणभाऊ

श्रावणभाऊंच्या घराला पुढून चांगलं भक्कम दार होतं. सागवानी, दोन फळ्यांचं, चौकटीवर गणपती कोरलेला. पाहुणे त्या दारातून येत, पोस्टमन येई, शेजारणी येत, मीही जात असे. घरधनी तेवढा त्या दारातून कधी आत गेलेला दिसला नाही. बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, परत आले की घराला पूर्ण वळसा घालायचे, बैलांच्या कोठ्यात वाकून शिरायचे आणि शेणातून पाय काढत स्वयंपाकघरात उगवायचे.

मी लाखनीच्या पलीकडे, हायवेपासून आत असलेल्या त्या गावात शाळामास्तरीण होते. त्यांची भिंत ती माझी भिंत. कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून एकदा जनाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलंच.

"अवो मॅडम, तो नाव घ्यायले भेते," जनाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्न लागून वरात घरी आली, तर नणंदांनी दार अडवलं. नाव घ्या, मगच आत या. जनाबाईंना असल्या गोष्टीचं काय भय! बंडीतून येताना सासरच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक शिवणीचं मोठं झाड दिसलं होतं, ते त्यांनी तिथल्या तिथे उखाण्यात घातलं:

"धुऱ्यावरची शिवण, सावली पडे दाट,
श्रावणरावाचं नाव घेतो, सोडा माही वाट."

बायांनी वाहवा केली. आता नवरदेवाची पाळी. नवरदेव गप्प. बहिणी म्हणतात, दादा घे ना! नवरदेवाला दरदरून घाम. पाहुणे उपाशी, वडील ओरडताहेत, बाजेवाले ताटकळलेत. आणि कोणाच्या ध्यानात यायच्या आत नवरदेव गायब! बाशिंग बांधलेला तो माणूस घराच्या मागे गेला, कोठ्यातून आत शिरला आणि पाटावर जाऊन बसला.

"मी दारात येकटी उभी," जनाबाई सांगत, "नाव घेऊन मोकळी झालेली. आन् हा बुढा आतून मलेच पाहून राहिला! तवापासून मागूनच येते. पुढून आला तर नाव घ्या लागन ना!"

श्रावणभाऊ तिथेच दोरी वळत बसलेले असत. "बरं," म्हणत. त्यांचं बोलणं म्हणजे बहुतेक वेळा एवढंच. पाऊस आला, बरं. सरपंच बदलला, बरं. एकदा बहिणीकडे जायला लाखांदूरच्या एसटीत बसले. बहिणीचं गाव वाटेत. पण गाडी थांबवायची तर कंडक्टरला आवाज द्यावा लागतो. तो काही यांच्याने दिला गेला नाही. गाव खिडकीतून गेलं ते पाहिलं, लाखांदूरपर्यंत बसून राहिले आणि तिथून उलटे चालत आले. बहिणीने विचारलं, दादा, पायी काहून आला? तर म्हणाले, "गाडी पुढे गेली."

तोंडाचं काम सगळं जनाबाईंकडे. दुकानदाराशी घासाघीस त्या करत, तलाठ्याशी भांडण त्या करत, बैलाला शिव्या त्या देत. आणि गाणं! रोवणीच्या दिवसांत चिखलात बायांची रांग लागली की आधी जनाबाईंचा सूर. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवता रोवता एकेकीने नवऱ्याचं नाव गाण्यात गुंफायचं, बाकीच्यांनी उचलून धरायचं. जनाबाईंची पाळी आली की त्या धुऱ्यावरची शिवणच म्हणत, लग्नातलीच, पण रोवणीच्या लांब चालीवर. नाव आलं की बाया मुद्दाम तीनतीनदा म्हणत. श्रावणभाऊ पऱ्ह्यांची पेंडी टाकता टाकता मान खाली घालत. कानाच्या पाळ्या लाल. मी शाळेच्या ओट्यावरून पाहत असे आणि मला फार मजा वाटे.

भादव्यात जनाबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

गेली म्हणजे, एक बोल राहिला. "माय वो." भूक लागली, माय वो. डास चावला, माय वो. मी जवळ बसले, माय वो. सारं कळत होतं त्यांना, डोळ्यांत दिसायचं. शब्द तेवढे निघत नव्हते. नागपूरच्या डॉक्टरांनी श्रावणभाऊंना सांगितलं, हिच्याशी सतत बोलत राहा. आणि शब्द अडला तर तुम्ही तो पुरवू नका, तिचा तिला आणू द्या.

आता झाली का पंचाईत! ज्या माणसाला एसटी थांबवता आली नाही, त्याने सतत बोलायचं. पण बोलायला लागले हो. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "आता मी चुलीत लाकूड घालून राहिलो. आता चाय उकळून राहिला. आता मी गाळून राहिलो." शाळेतली पोरं धडा वाचतात तसं, एका सुरात. आणि मधून जनाबाईंचं माय वो. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे हसू यायचं बंद झालं.

दिवाळीत माझी भाची गौरी पुण्याहून आली. तिच्याजवळ एक उकुलेले होता. गिटारसारखाच, पण काखेत मावेल एवढा, चार तारांचा. संध्याकाळी आम्ही जनाबाईंच्या ओसरीत बसलो होतो आणि ती सहज तारा छेडत होती. जनाबाईंनी मान वळवली. घशातून गुणगुण निघाली. आणि मग, मी खोटं सांगत नाही, शब्द आले. "धुऱ्यावरची शिवण... सावली पडे दाट..." तोंड वाकडं, शब्द बोबडे, पण रोवणीचीच चाल! गौरी शहाणी पोर, तिने हात थांबवला नाही.

तेवढ्यात श्रावणभाऊ कडब्याचा भारा घेऊन अंगणात आले आणि तसेच भाऱ्याखाली उभे राहिले.

जनाबाई पुढे गेल्या, आणि नावाशी थांबल्या. ओठ हलत होते, नाव येत नव्हतं. माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "श्रा..."

"सांगू नका मॅडम!" श्रावणभाऊ ओरडले. त्यांचा चढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "तिचं तिले आणू द्या."

नाव आलं नाही. जनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या माय वो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी श्रावणभाऊ माझ्या दारात. वीत पसरून विचारतात, "ते गिटारचं पिल्लू येवढं होतं का जी?"

गौरीने पुण्याला गेल्यावर एक पाठवून दिला. निळा, प्लास्टिकचा, चकचकीत. श्रावणभाऊंनी वाजवला तर जनाबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. परत वाजवला, परत तेच. तो त्यांनी मला आणून दिला. "याची वाणी तशी नाई. पोट्टीचं लाकडाचं होतं. मी लाकडाचं बनवतो."

"भाऊ, तुम्हाला सुतारकी येते?"

"नाई."

"मग?"

"येईन."

मी रागावलेच. आजारी माणसाची मर्जी असते, आज तोंड फिरवेल, उद्या हसेल, लाकडात काय ठेवलंय असं सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले. म्हणजे आता हे करणार, हे मला कळलं.

धुऱ्यावरची ती शिवण मागे एका वादळात पडली होती. तिची एक फळी त्यांनी माळ्यावर जपून ठेवली होती. ती खाली काढली, लाखनीच्या आरा मशीनवर नेऊन पातळ चिरून आणली, आणि जनाबाईंची बाज ओसरीत ओढून तिच्यासमोर काम मांडलं. तो सगळा उन्हाळा माझ्या डोक्याला ठणका होता. मला ठोकाठोकीचा भारी तिटकारा. शाळेला सुट्टी, दुपारी जरा पडावं म्हटलं की सुरू. रंध्याची खरखर, आणि वर त्यांचं बोलणं. "आता रंधा मारून राहिलो. आता हे जाड वाटून राहिलं. बोट लावून पाह्य, जना... पाह्य बरं."

हो, तोंडून नाव निसटता निसटता ते गिळायचे. म्हातारपणी, बायको आजारी, भिंतीपलीकडे फक्त मी, तरी गिळायचे. अशा माणसाला काय म्हणावं?

जनाबाई डाव्या हाताने फळी चाचपत आणि निकाल देत. माय वो खालच्या सुरात आलं तर ठीक. वर चढलं तर काम बिघडलं. ते मुकाट्याने परत रंधा घ्यायचे.

बाजूच्या पट्ट्या वाकवायला त्यांनी जुन्या हातपंपाचा लोखंडी पाइप आणला. त्यात निखारे भरले आणि भिजवलेली पट्टी त्या पाइपवर दाबून हळूहळू वळवली. कितीतरी पट्ट्या कडकन तुटल्या. तुटली की दोघं एकमेकांकडे पाहत, आणि जनाबाई तोंडाच्या एका बाजूने हसत. मग एक पट्टी वळली, कमरेला बाक घेऊन, अगदी हवी तशी. श्रावणभाऊंनी ती तशीच गरम गरम जनाबाईंच्या मांडीवर ठेवली.

पेटी चिकटवली आणि दोन दिवसांत उकलली. परत चिकटवली, परत उकलली. गौरीला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "काका, लाकडाला काही लावलंय का?"

"जवसाचं तेल पाजलं ना."

"चिकटवायच्या आधी? अहो, तेलावर गोंद कसा धरेल!"

त्यांना हे पटेचना. त्यांच्या घरात लाकडाची कोणतीही वस्तू तेल पाजल्याशिवाय कामाला लागली नव्हती. नांगर असो, जू असो, कुऱ्हाडीचा दांडा असो, आधी जवसाचं तेल. "उपाशी लाकूड कामाले कसं लावावं?" ते म्हणाले. मग फळीच्या उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी पेटी परत केली, तेलाशिवाय. चिकटवताना मात्र तिच्यावरून हात फिरवत राहिले.

पाऊस तोंडावर आला तेव्हा उकुलेले उभा राहिला. ओबडधोबड, एका खांद्याला जरा उतरता, पण उभा राहिला. तारा गौरीने पाठवल्या होत्या. तिने फोनवर एकेक सूर दिला, त्यांनी खुंट्या पिळून तो लावला. ओसरीत मी, बाजेवर जनाबाई. श्रावणभाऊंनी अंगठा चारही मोकळ्या तारांवरून फिरवला.

आवाज निघाला हो! गोड होता, जरा घोगरा. आणि जनाबाईंनी लगेच सूर धरला. "धुऱ्यावरची शिवण, सावली पडे दाट... श्..."

श्. एवढं आलं. दिवाळीला एवढंही नव्हतं आलं. मी स्वतःचं तोंड हाताने दाबून धरलं. श्रावणभाऊ अंगठा फिरवत राहिले. श्, श्, असं करत जनाबाई थकल्या आणि उशीवर टेकल्या. पण त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. रोज संध्याकाळी हा कार्यक्रम सुरू झाला. श्रापर्यंत आल्या. मी शाळेतून घरी यायच्याऐवजी थेट त्यांच्या ओसरीत जायला लागले. मला खात्री होती, रोवणी सुरू व्हायच्या आत नाव येणार.

हे असंच चालू द्यायचं होतं. पण माणूस म्हटला की त्याला वाटतं, अजून चांगलं करावं. मोकळ्या तारांवर भागत असताना श्रावणभाऊंनी एक दिवस बोटं दाबून वाजवायला घेतलं, गौरी वाजवायची तसं. जनाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "माय वो!" एकदम वरच्या पट्टीत. त्या बाईचा कान जन्मभर सुरात राहिलेला, त्यांना बेसूर सहन होईना. गौरीने फोनवर, बोटं जिथे दाबतात त्या दांडीवरच्या पितळी पट्ट्या पाहिल्या आणि तिला हसू आवरेना. सगळ्या पट्ट्या सारख्या अंतरावर! गावात दोरी धरून सरळ ओळीत रोवणी करायला पहिल्यांदा सुरुवात केली ती श्रावणभाऊंनी, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान. पट्ट्याही त्यांनी दोरीला गाठी मारून तशाच रोवल्या होत्या. गौरीने समजावलं, काका, पोटाकडे जाताना त्या जवळ जवळ यायला हव्यात, नाहीतर सूर चुकतो.

"म्हूनच नाव अडून राहिलं," श्रावणभाऊ म्हणाले.

"भाऊ, काहीतरीच काय! श्रापर्यंत आल्या ना त्या? मोकळ्या तारा पुरे आहेत. हात लावू नका आता," मी म्हटलं.

"चुकीच्या वाजंत्रीवर तिनं माहं नाव कायले घ्यावं, मॅडम?"

त्यांनी तारा उतरवल्या, पट्ट्या उपटल्या, खाचा शिवणीच्याच भुशाने आणि गोंदाने भरल्या. आणि पाऊस लागला. झडीच लागली. हवा इतकी ओली की खाचांतला गोंद वाळेचना. रोज बोट लावून पाहायचे, चिकट. चुलीजवळ ठेवायचे, तर दांडी वाकायचं भय. जनाबाई डाव्या हाताने खुणा करून उकुलेले मागायच्या, आणि ते सांगायचे, "आता वाळते. आता वाळून राहिला. दोन रोज थांब."

रोवणी सुरू झाली. बांधीतून बायांची गाणी ऐकू यायची, जनाबाई नुसत्या दाराकडे पाहत पडून राहायच्या. त्यातच एका सकाळी दुसरा झटका आला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत जनाबाई गेल्या.

मी खूप रडले. माझी ती मैत्रीण होती. श्रावणभाऊ रडले नाहीत, निदान माणसांत नाहीत. तेरवीला जेवणं झाल्यावर कोठ्यात बैलाजवळ उभे होते, तिथे मी गेले. बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मोकळ्या तारांवर म्हणत होती ते. मीच तोडलं, मॅडम." मी म्हटलं, भाऊ, असं नाही हो. पण जे झालं ते त्यांच्या हातून झालं होतं, आणि प्रेमानेच झालं होतं. त्याचं सांत्वन मला अजूनही सुचत नाही.

आणि ते परत गप्प झाले. भिंतीपलीकडून काहीच येईना. ठोकाठोकी नाही, चाय उकळून राहिला नाही. त्या शांततेने मला झोप येईनाशी झाली. एवढंच कळत होतं की पाऊस ओसरल्यावर त्यांनी पट्ट्या परत बसवल्या, गौरीने सांगितल्या तशा, जवळ जवळ येणाऱ्या. शेवटी तेलही पाजलं. मग तो उकुलेले काखेत घेऊन ते संध्याकाळी धुऱ्यावर जायला लागले, शिवणीचं खोड उरलंय तिथे. वाजवत मात्र नसत. गावात लोक काही बाही बोलले. बोलू देत.

कार्तिकात मी निवृत्त झाले आणि मुलाकडे नागपूरला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी त्यांच्याकडे लाडूंचा डबा घेऊन गेले. दार उघडं, घरात कोणी नाही. डबा बाजेवर ठेवला आणि परत फिरले, तर अंगणातून श्रावणभाऊ येताना दिसले. काखेत उकुलेले. सवयीप्रमाणे ते घराच्या बाजूने मागे वळले. दोन पावलं गेले, आणि थांबले. मी पुढच्या दारात उभी होते, दोन्ही हात चौकटीला लावून.

ते परत फिरले. अंगणातून सरळ पुढच्या दाराशी आले आणि पायरीखाली चपला काढल्या. मी बाजूला व्हायला लागले.

"सरकू नका, मॅडम. उभ्या राहा."

मी उभी राहिले. त्यांना घाम फुटला होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी उकुलेले पोटाशी धरला, अंगठा चारही मोकळ्या तारांवरून एकदा फिरवला, आणि खाली पाहत, पाठ केलेला धडा म्हणावा तसे घाईघाईने म्हणाले:

"धुऱ्यावरची शिवण, सावली पडे दाट,
जनाबाईचं नाव घेतो, सोडा माही वाट."

मी चौकटीवरचे हात काढले आणि बाजूला झाले. श्रावणभाऊ उंबरठा ओलांडून पुढच्या दाराने आत गेले, आणि रिकाम्या बाजेजवळ जाऊन उभे राहिले.